'स्किन कलर'चा खडू आणि कोड

जून उजाडला की आमच्या दवाखान्यात शाळेचे दाखले आणि सर्दी-खोकला यांची गर्दी सुरू होते. काही वर्षांपूर्वी अशाच गर्दीत एक आजी नातीला घेऊन आल्या. "डॉक्टर, शाळेला निघाली की हिचं पोट दुखतं. जंताचं औषध द्या." मुलगी पाचवीतली. पोट तपासले, तिथे काही नव्हते. पण एवढ्या उकाड्यात अंगात पूर्ण बाह्या! बाही वर सारली तेव्हा मनगटावर आणि कोपरावर पांढरे डाग दिसले. "बाकावर शेजारी कोणी बसत नाही तिच्या," आजी हळूच म्हणाल्या. डबाही ती एकटीच खात होती.

त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून कोड असल्याचे सांगितले. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते. त्या पेशी नष्ट झाल्या की तिथली त्वचा पांढरी पडते. हे जंतूंचे काम नाही, त्यामुळे शिवल्याने, एका डब्यात जेवल्याने किंवा टॉवेल वापरल्याने कोड पसरत नाही. दुधावर मासे खाल्ल्याने ते होते हा समजही निराधार आहे. निम्म्याच्या आसपास रुग्णांत कोडाची सुरुवात वयाच्या विशीच्या आत होते, म्हणजे ऐन शाळा-कॉलेजात. कोडाला 'पांढरे कुष्ठ' म्हणण्याची रीत आहे, तिने फार नुकसान केले. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याच्या चट्ट्यावर बधिरता असते आणि तोही औषधांनी पूर्ण बरा होतो. कोडाच्या डागावर संवेदना शाबूत असते. मुलांच्या गालावरचे फिकट, खरखरीत चट्टे बहुधा यांपैकी काहीच नसतात. तेव्हा पालकांनो, घरच्या घरी निदान करू नका, डॉक्टरांना दाखवा. मलमे, ठरावीक प्रकारचे अतिनील किरण, आणि डाग वाढायचे थांबले असतील तर छोटी शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. लवकर सुरू केले तर फायदा अधिक दिसतो, पण त्यांना महिनोन् महिने लागतात.

त्या महिन्यांत शाळा तर चुकत नाही! म्हणून शाळेच्या विनंतीवरून मी वर्गात व्याख्यान दिले. फळ्यावर त्वचेची आकृती काढली, रंगपेशी दाखवल्या, संसर्ग होत नाही हे तीनदा सांगितले. शेवटी "काही शंका?" म्हणून विचारले. एक मुलगा उभा राहिला. "सर, पण हात लागला तर?" आणि सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. तिने बाकावर डोके ठेवले. नाव न घेताही मी तिलाच वर्गापुढे उभे केले होते. ही चूक सर्वस्वी माझी.

नंतर जे झाले ते चित्रकलेच्या बाईंनी केले. खडूच्या पेटीत एक फिकट गुलाबीसर खडू असतो, मुले त्याला 'स्किन कलर' म्हणतात. बाईंनी तो प्रत्येकाला स्वतःच्या हाताशी धरून पाहायला लावला. एकाचाही हात जुळेना. मग जलरंग काढले आणि आपापल्या हाताचा रंग तयार करा म्हणाल्या. तपकिरी, पिवळा, तांबडा, कुठे थेंबभर निळा. दोन तास गेले. तळहात फिका, सांधे काळपट, कोणाला तीळ, कोणाच्या बोटावर भाजल्याचा व्रण. एका हातात इतके रंग असतात हे मुलांना तेव्हा कळले, आणि खरे सांगायचे तर मलाही. आमच्या मुलीने डागांच्या जागी कागद कोरा सोडला होता. पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून म्हणाली, "कडा इतकी स्वच्छ कशी आली ग तुझी?" तिने तिला दाखवले.

बाईंनी कोडाबद्दल अवाक्षर काढले नव्हते.

नाटक-सिनेमाचेही असेच. मनोविकारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स बालनाट्याची पद्धत १९८६ च्या सुमारास पुण्यात आणली. तिथे मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात आणि प्रश्न मुलांच्या बाजूने मांडतात. उपदेश नसल्यामुळे प्रेक्षकांतली पोरे कंटाळत नाहीत. कोडावर तर आपल्या पुण्यातच सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली 'नितळ' हा चित्रपट केला. त्यात कोड असलेल्या तरुणीची भूमिका देविका दफ्तरदार यांनी केली. डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन ही संस्था त्यामागे होती. २५ जून हा जागतिक कोड दिन. त्या निमित्ताने वरच्या वर्गांना हा चित्रपट दाखवून नंतर गप्पा मारायला हरकत नाही.

मात्र शाळांना एक विनंती. स्नेहसंमेलनात अशा विषयाची नाटिका बसवताना ज्याला व्यंग किंवा डाग आहे त्यालाच ती भूमिका देऊ नका. त्याला राजा करा, चोर करा, हवे तर पडदा ओढायला ठेवा, पण आधी त्याला विचारा. आणि नाटिकेच्या शेवटी डाग जादूने नाहीसा होतो असे तर मुळीच दाखवू नका. खुर्चीतल्या मुलाला त्यातून काय कळते, याचा विचार करा.

आमच्या मुलीची पोटदुखी एकदम थांबली नाही. दिवाळीपर्यंत अधूनमधून चालूच होती. डाग काही भरले, काही राहिले. पुढच्या जूनमध्ये आजी पुन्हा आल्या तेव्हा मी आधी नातीचे पोट कसे आहे म्हणून विचारले. "तिचं राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "ती गेली शाळेत. माझे गुडघे बघा जरा."