पाय रोवून उभा सागर सम्राट

१ रुपयाची नोट २०१५ साली पुन्हा छापायला सुरुवात झाली. तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसतो. हा सागर सम्राट. नोट हातात धरूनही हे चित्र कशाचं ते बहुतेकांना सांगता येत नाही, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राची कहाणी या सांगाड्यापासून सुरू होते.

जपानमधल्या हिरोशिमात मित्सुबिशीने तो १९७३ साली बांधला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बारापर्यंत चढला. अशा वेळी, १९७४च्या फेब्रुवारीत, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात सागर सम्राटाच्या विहिरीला तेल लागलं. जागा नशिबाने सापडली नव्हती. साठच्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या रशियन जहाजाने इथल्या तळाचं भूकंपलहरींनी सर्वेक्षण केलं होतं आणि खाली चुनखडीचा मोठा उंचवटा दिसला होता. पण दिसणं वेगळं आणि भोक पाडून बघणं वेगळं.

भोक पाडायचं तर आधी स्थिर उभं राहायला हवं. तिथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर, आणि पावसाळ्यात लाटांचा मारा. सागर सम्राट जॅक-अप जातीचा. पाय वर घेऊन तो जहाजासारखा तरंगत जातो. ठरलेल्या जागी पोचला की जाळीदार पाय खाली सोडतो, ते तळाला टेकतात आणि मग दातेरी चाकांवर अख्खं धड पाण्यातून वर चढतं. लगेच काम सुरू होत नाही. धडातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून पायांवर मुद्दाम जादा भार टाकतात. तळाची माती दबायची तेवढी आधीच दबते. नंतर पाणी सोडून धड लाटांच्या आवाक्याबाहेर उचलतात. ही तयारी मला फार शहाणपणाची वाटते.

मग छेदन. पाइपाला पाइप जोडत खडक कापणारा बिट खाली जातो आणि पाइपांतून सतत ‘मड’ सोडलं जातं. हा साधा चिखल नव्हे. ते बिटाला थंड ठेवतं, खडकाचा चुरा वर आणतं आणि आपल्या वजनाने खालच्या तेला-वायूचा दाब रोखून धरतं. वजन कमी पडलं तर विहीर उसळते, जास्त झालं तर खडक फुटून मड आत मुरतं. मडवर लक्ष ठेवणारा माणूस म्हणूनच रात्रभर डोळे मिटत नाही.

मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं. आधी तेल टँकरने येई. १९७८मध्ये समुद्राखालून उरणपर्यंत वाहिनी आली. थळच्या खत कारखान्याला वायू इथलाच मिळाला. ऐंशीच्या दशकात हे क्षेत्र दिवसाला ४ लाखांहून अधिक पिंपं देऊ लागलं.

कामगारांनी तिथे जायचं ते जुहूहून हेलिकॉप्टरने. चौदा दिवस काम, बारा-बारा तासांच्या पाळ्या, मग चौदा दिवस घर. हवा बिघडली की घरी परतणं लांबतं. २७ जुलै २००५ला, मुंबई आदल्या दिवशीच्या प्रलयात बुडालेली असताना, हेलिकॉप्टरं उडू शकत नव्हती. एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी समुद्रातल्या फलाटावर बोटीतून न्यावं लागलं. ती बोट भरकटून वायूवाहिन्यांवर आदळली, आणि दोनेक तासांत मुंबई हाय नॉर्थचा फलाट जळून समुद्रात गेला. २२ माणसं गेली. उरलेल्या साडेतीनशेंहून अधिक जणांना खवळलेल्या समुद्रातून वाचवणाऱ्यांचं नाव आपण घेत नाही, घ्यायला हवं.

सागर सम्राटाने ३२ वर्षांत सुमारे १२५ विहिरी खोदल्या, १४ महत्त्वाच्या शोधांत त्याचा हात होता. असं यंत्र भंगारात गेलं असतं तर कुणी नवल केलं नसतं. त्याऐवजी त्याचं रूपांतर फिरत्या उत्पादन केंद्रात करायचं ठरलं. कामाला एक तपाच्या आसपास वेळ लागला, आणि डिसेंबर २०२२मध्ये तो पश्चिमेच्या त्याच समुद्रात उत्पादनाला लागला. आता तो स्वतः विहिरी खोदत नाही. विहिरींतून वर येणारं तेल आणि वायू वेगळे करतो, दिवसाला २० हजार पिंपांपर्यंत तेल हाताळू शकतो. पाय मात्र तसेच तळावर रोवलेले.