संगणक अडला की गाडी अडते

जयसिंगपूरहून कर्नाटकची हद्द जवळ. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल तिकडे पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. गाडी भरून उभी आणि घरच्या संगणकावर पानच उघडत नाही, ही तक्रार आमच्या कानी नेहमी येते.

'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा सगळीकडेच येऊ लागला, तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ काही वर्षे मागे गेले की चालू प्रमाणपत्रही त्याला अवेळी वाटते. तारीख दुरुस्त करावी. संगणक बंद करून सुरू करताच ती पुन्हा मागे गेली, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला असे समजावे. बहुधा तो सीआर २०३२, ३ व्होल्टचा असतो. एवढ्यासाठी नवा संगणक गळ्यात मारणाऱ्यापासून सावध! मात्र तारीख बरोबर असूनही एखाद्याच ठिकाणी इशारा आला, तर तेथे पासवर्ड मुळीच देऊ नये.

पान अर्धवट उघडले तर कंट्रोल, शिफ्ट व डिलीट एकत्र दाबून 'कॅश' पुसावी; साठवलेले पासवर्ड पुसले जाणार नाहीत एवढे पाहावे. छपाईची खिडकी उघडत नसेल तर पॉप-अपला परवानगी द्यावी.

विंडोज ७ वाल्यांचे दुखणे वेगळे. त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. २०२३ मध्येच पुढचा रस्ता बंद झाला. तेथे कॅश पुसून काही साधत नाही. गाडी खोळंबली असेल तर तूर्त मोबाईलवरून बिल काढावे आणि फुरसतीने नवी विंडोज घालून घ्यावी.