आलिशान मोटारीची देखभाल : शोरूम की गॅरेज?

पाच-सहा वर्षे वापरलेली जर्मन बनावटीची सेदान आज अनेकदा नव्याकोऱ्या मध्यम मोटारीच्या किमतीत मिळते. मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबांत पहिली आलिशान मोटार येते ती अशीच, दुसऱ्या हाताची. पण मोटारीची किंमत वर्षागणिक उतरते, तशी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन किंवा हेडलाइट यांचे दर ती मोटार नवी असताना ज्या वर्गातील होते, त्याच वर्गातील राहतात. पहिल्या मोठ्या दुरुस्तीचे एस्टिमेट हाती पडले, की मालकाला ही गोष्ट उमगते. मग प्रश्न उभा राहतो : मोटार कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात न्यावी, की बाहेरच्या गॅरेजमध्ये?

या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. मोटारीचे वय काय आणि काम कोणते, या दोन गोष्टींवर उत्तर बदलते. एकाच मोटारीची काही कामे अधिकृत केंद्रात आणि काही बाहेर करणे हाच बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग ठरतो.

बाजार कसा बदलला

मर्सिडीज-बेंझ कंपनी १९९४ मध्ये भारतात आली, तेव्हा अशा मोटारी मोजक्या होत्या आणि त्या दुरुस्त करणारे हातही मोजके होते. २००७ मध्ये बीएमडब्ल्यूचा चेन्नईतील कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑडीनेही भारतातील कारभार थाटला. त्यानंतर रस्त्यांवर या मोटारींची संख्या वाढत गेली. त्या जुन्या होऊ लागल्या, तशी केवळ जर्मन मोटारींचेच काम करणारी स्वतंत्र गॅरेजेस महानगरांत उभी राहिली. त्यांपैकी अनेकांचे उस्ताद पूर्वी अधिकृत केंद्रांतच काम शिकलेले असतात. मजुरीचा दर कमी असतो आणि मोटारीला प्रत्यक्ष हात लावणाऱ्या माणसाशी मालकाला थेट बोलता येते. अधिकृत केंद्रात मात्र बोलणे होते ते सर्व्हिस ॲडव्हायझरशी.

वॉरंटीचा धाक

बाहेर काम केले तर वॉरंटी रद्द होईल, ही भीती बहुतेक मालकांच्या मनात असते. भारतीय स्पर्धा आयोगाने या विषयावर २५ ऑगस्ट २०१४ रोजी महत्त्वाचा आदेश दिला. २०११ मधील तक्रारीवरून झालेल्या चौकशीनंतर आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, स्कोडा आणि फोक्सवॅगन यांचाही समावेश होता. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मालकाने बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही आदेशात म्हटले होते.

कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण न्यायालयीन लढाईत गेले. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचा समावेश आहे. मात्र तत्त्व मालकाच्या बाजूचे असले, तरी प्रत्यक्ष वाद झाला तर दोष बाहेरच्या कामामुळे नव्हता हे पटवण्याचा त्रास त्यालाच होतो. त्यामुळे वॉरंटी चालू असेपर्यंत अधिकृत केंद्र हाच सोयीचा पर्याय आहे. गिअरबॉक्स किंवा इंजिनाचा एखादा मोठा दोष वॉरंटीत विनामूल्य दूर झाला, तर तोवरच्या सर्व्हिसिंगवर मोजलेला जादा पैसा वसूल होतो. वॉरंटी वाढवून घेण्याचा विचार मुदत संपण्यापूर्वीच करावा.

'आजीवन' तेलाची गोष्ट

अधिकृत केंद्राचा सल्ला नेहमीच मोटारीच्या दीर्घायुष्याचा असतो, असे मात्र समजू नये. बीएमडब्ल्यूच्या अनेक मोटारींत झेडएफ कंपनीचा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. त्यातील तेल 'आजीवन' आहे, ते बदलण्याची गरज नाही, अशी मोटार कंपनीची भूमिका राहिली आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरनंतर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. पहिला मालक तीन-चार वर्षांत मोटार विकणार असेल, तर त्याला फरक पडत नाही. दहा वर्षे वापरणाऱ्या दुसऱ्या मालकाला मात्र पडतो. जाणकार स्वतंत्र मेकॅनिक अशा वेळी उपयोगी ठरतो, कारण त्याच्याकडे येतात त्या जुन्याच मोटारी. शीतकरण यंत्रणेतील प्लॅस्टिकचे भाग कधी ठिसूळ होतात, तेलगळती कोठून सुरू होते, याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो.

संगणकाची भिंत

बाहेरच्या गॅरेजची मर्यादा पाना-पकडीत नसून संगणकात आहे. आजच्या मोटारीत नवी बॅटरी बसवली तरी काम संपत नाही. बीएमडब्ल्यूसारख्या मोटारीत त्या बॅटरीची नोंद मोटारीच्या संगणकात करावी लागते. नाही तर चार्जिंग जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने होत राहते आणि नवीचे आयुष्य घटते. हे काम चांगले स्वतंत्र गॅरेज करू शकते. परंतु नवी किल्ली, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट बदलणे, चोरीविरोधी यंत्रणा अशी कामे अनेकदा कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय पूर्णच होत नाहीत. एअरबॅगचे कामही अधिकृत केंद्राकडेच द्यावे. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रीड मोटारींतील उच्च दाबाची विद्युत यंत्रणा जीवघेणी ठरू शकते, त्यामुळे तिला खास प्रशिक्षण नसलेल्या हातांनी स्पर्शही करू नये.

कंपनीने दोषामुळे मोटारी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल जाहीर केला, तर ती दुरुस्ती अधिकृत केंद्रात विनामूल्य होते. मोटार दुसऱ्या हाताची असली तरी चेसिस क्रमांक देऊन रिकॉलचे काम बाकी आहे का, याची चौकशी करता येते.

सुटा भाग कोणाचा?

खर्चातील मोठा फरक अनेकदा सुट्या भागांत असतो. कोणतीही मोटार कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. बॉश, झेडएफ, माहले, हेला, ब्रेम्बो अशा कंपन्या ते पुरवतात. मोटार कंपनीच्या खोक्यातून येणारा आणि मूळ पुरवठादाराच्या खोक्यातून येणारा भाग पुष्कळदा एकाच दर्जाचा असतो. दुसरा स्वस्त पडतो, इतकेच. स्वतंत्र गॅरेजची खरी बचत येथे आहे.

धोकाही येथेच आहे. बाजारात हुबेहूब खोक्यातला डुप्लिकेट माल मिळतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांत जुन्या मोटारींतून काढलेले भागही मिळतात. दाराचे पॅनेल किंवा आरसा तेथून घेण्यास हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग मात्र नवेच आणि पक्क्या बिलासह घ्यावेत. इंजिन ऑइलच्या बाबतीतही केवळ महाग डबा पुरेसा नसतो. मर्सिडीजसाठी 'एमबी २२९.५' किंवा बीएमडब्ल्यूसाठी 'लाँगलाइफ-०४' अशी जी मान्यता मोटारीच्या पुस्तिकेत दिली असेल, तीच डब्यावर असली पाहिजे.

पावसाळा आणि विमा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्यात गेल्या. तेव्हापासून मुंबईकराला एक नियम ठाऊक झाला आहे : पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी शिरले असताना स्टार्टर मारला तर आतले भाग वाकतात किंवा तुटतात. असे नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. अशा वेळी मोटार टो करून न्यावी. विमा कंपनीला आधी कळवावे आणि सर्व्हेअरच्या पाहणीपूर्वी काहीही उघडू देऊ नये. कॅशलेस सोय विमा कंपनीशी करार असलेल्या गॅरेजमध्येच मिळते. त्यामुळे अपघात आणि पुराच्या कामांत अधिकृत केंद्राचे पारडे बहुधा जड राहते.

गॅरेज कसे पारखावे

मोटार बंद पडल्यावर गॅरेज शोधणे म्हणजे ताप चढल्यावर डॉक्टरांची पदवी तपासण्यासारखे आहे. ओळख आधीच, एखाद्या साध्या ऑइल सर्व्हिसच्या निमित्ताने करून घ्यावी. गॅरेजमध्ये आपल्याच बनावटीच्या मोटारी उभ्या आहेत का, योग्य स्कॅनर आहे का, दोषाचा कोड केवळ पुसला जातो की त्याचे कारण शोधले जाते, हे पाहावे. स्कॅनर केवळ लक्षण सांगतो. त्यावरून भाग बदलत सुटणारा मेकॅनिक शोरूमपेक्षाही महाग पडतो.

हे लक्षात ठेवा

- वॉरंटी असेपर्यंत : सर्व कामे अधिकृत केंद्रात.
- वॉरंटीनंतर : तेल, ब्रेक, सस्पेन्शन, शीतकरण यांसाठी पारखलेले स्वतंत्र गॅरेज.
- नेहमीच अधिकृत केंद्रात : रिकॉल, एअरबॅग, किल्ली, उच्च दाबाची विद्युत यंत्रणा.
- मोठ्या कामापूर्वी दोन्हीकडचे लेखी एस्टिमेट घ्यावे. काढलेला जुना भाग परत मागावा.
- प्रत्येक जॉब कार्ड आणि बिल जपून ठेवावे. त्यावर किलोमीटरची नोंद असावी.

यांतील शेवटची सवय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची आहे. वॉरंटीचा वाद असो, विम्याचा दावा असो की मोटार विकायची असो, मोटारीची निगा राखली होती हे सिद्ध होते ते याच कागदांवरून.