प्रतिस्पर्धी शहाणा हवा

बुद्धिबळाच्या पटावर दोन्हीकडे सोळा-सोळा मोहरी असतात. तोच राजा, तोच वजीर, तेवढीच प्यादी. याहून समान खेळ शोधून सापडणार नाही. तरीही पहिली खेळी पांढऱ्याची असते, आणि मोठ्या स्पर्धांतल्या हजारो डावांचा हिशेब मांडला तर शंभरापैकी साधारण चोपन्न-पंचावन्न गुण पांढऱ्याच्या पदरात पडलेले दिसतात. केवळ आधी हात उचलल्याचा हा फायदा! मग ज्या खेळात एकीकडे हत्ती आहेत आणि दुसरीकडे तोफा, एकाकडे सुपीक गंगाकाठ आहे आणि दुसऱ्याकडे उघडे माळरान, तिथे तोल कसा सांभाळायचा?

श्रोतेहो, हा प्रश्न आज आपल्या घराघरांतल्या संगणकावर रोज सोडवला जातो. मुले पडद्यासमोर बसतात, लाकूड तोडतात, शेते पेरतात, सोने खणतात, किल्ले बांधतात आणि शेजारच्या राज्यावर चाल करून जातात. १९९१ साली ‘सिव्हिलायझेशन’ आला, १९९७ साली ‘एज ऑफ एम्पायर्स’, २००० साली ‘टोटल वॉर’ मालिकेची सुरुवात झाली. वडीलधाऱ्यांना वाटते, पोरे नुसता वेळ घालवतात. पण हे खेळ तयार करणाऱ्यांपुढे दोन अवघड कोडी असतात. पहिले, दोन्ही बाजूंचा तोल. दुसरे, समोर माणूस नसेल तेव्हा संगणकाने शत्रू म्हणून कसे वागावे, हे. ही कोडी कशी सुटतात, ते आज पाहू.

युद्धाचा खेळ करण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. चतुरंगापासून ती चालत आली. पण इतिहासातल्यासारखे खरे युद्ध पटावर मांडायचा नेटका प्रयत्न झाला तो प्रशियात. फॉन राइसवित्झ नावाच्या पितापुत्रांनी तो केला. वडिलांनी १८१२ साली आपला खेळ राजासाठी तयार केला आणि लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापून काढले. चौकटींचा पट जाऊन एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा आला. गोळी लागली की चुकली, हे फाशांनी ठरू लागले. आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसवला गेला. खेळाडूने आपला हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचा. पंच त्याला तेवढेच दाखवणार, जेवढे त्याच्या टेहळ्यांना दिसले असते. टेकडीमागचा शत्रू पटावर नसायचाच.

या खेळाचा सारा भरवसा पंचावर. पंच ढळला की खेळ संपला. याचे दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४२ साली मिडवे बेटावरच्या स्वारीपूर्वी जपानी आरमाराने तिची रंगीत तालीम पटावर केली. त्या तालमीत अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. पंचाच्या खुर्चीतल्या ॲडमिरल उगाकी यांनी निकाल फिरवला. बॉम्ब कमी पडले असे धरून एक नौका वाचवली. बुडालेली दुसरीही खेळाच्या पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगू लागली. मित्सुओ फुचिदा या जपानी वैमानिक अधिकाऱ्याने नंतर ही हकीकत लिहून ठेवली. त्या वर्षीच्या जून महिन्यात प्रत्यक्ष लढाई झाली, तेव्हा जपानच्या दोन नव्हे, चार विमानवाहू नौका समुद्राच्या तळाशी गेल्या. खेळातला शत्रू आपण मुद्दाम दुबळा केला, की त्याची किंमत खेळाबाहेर मोजावी लागते, ती अशी.

संगणकावरच्या खेळात पंच हा एक हिशेबनीस असतो. त्याच्या वहीत आकडे असतात. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या १९९९ साली आलेल्या दुसऱ्या भागात एक भालाईत उभा करायला ३५ भाग धान्य आणि २५ भाग लाकूड लागते. चिलखती घोडेस्वाराला ६० भाग धान्य आणि ७५ भाग सोने. म्हणजे एका घोडेस्वाराच्या खर्चात दोनाहून अधिक भालाईत उभे राहतात. घोडेस्वार बलवान खरा, पण भाल्याच्या टोकापुढे तो हतबल होतो. भालाइताला दुरून तिरंदाज टिपतो. आणि तिरंदाजाला वेगाने येणारा घोडेस्वार तुडवतो. लहानपणी आपण हाताने दगड, कागद, कात्री खेळायचो, तसेच हे. प्रत्येकाला कोणी ना कोणी भारी पडते, म्हणून एकच हत्यार घेऊन कुणाला कायम जिंकता येत नाही. समोरचा काय करतो आहे, ते पाहावेच लागते. तोल म्हणतात तो हा. दोन्हीकडे सारखे सैन्य असणे म्हणजे तोल नव्हे. दोन्हीकडे विचार करायला जागा उरणे म्हणजे तोल.

पण हे राखणे सोपे नाही. त्या खेळात सुरुवातीला तेरा संस्कृती होत्या. तेरा म्हटले की जोड्या होतात ७८. पुढे नव्या संस्कृतींची भर पडत गेली. चाळीसच धरल्या तरी जोड्या होतात ७८०. एका संस्कृतीच्या तिरंदाजाचे मोल जरा वाढवले की ३९ ठिकाणचे पारडे हलते. वृत्तात लिहिणाऱ्याला हे चटकन कळेल. एक मात्रा इकडची तिकडे केली की सारी ओळ अडखळते, आणि ती सावरायला दुसरा शब्द बदलावा लागतो. म्हणून जाणते रचनाकार एका वेळी थोडेच बदलतात, हजारो डावांचे निकाल पाहतात आणि मगच पुढचा आकडा हलवतात. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले, ते कळत नाही.

दुसरी अडचण आहे पुढे गेलेल्याची. ज्याने पहिले गाव जिंकले, त्याला जास्त धान्य मिळते. जास्त धान्याने जास्त सैन्य, जास्त सैन्याने दुसरे गाव. मग अर्ध्या तासातच निकाल ठरतो आणि उरलेला डाव नुसता ओढत न्यावा लागतो. यावर उपाय इतिहासानेच दाखवला आहे. राज्य पसरले की कारभाराचा खर्च वाढतो, रसदेची वाट लांबते, दूरचे सुभे डोके वर काढतात. हे ओझे आकड्यांत आणले की खेळही सावरतो आणि इतिहासाशी इमानही राखले जाते.

आता खरे अवघड दुखणे. इतिहासातली लढाई समसमान नव्हतीच, मग तिचा खेळ न्याय्य कसा होणार? आपल्या जवळचे पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१ च्या आधी दोन्ही सैन्ये दोन-अडीच महिने समोरासमोर तळ ठोकून होती. त्या काळात मराठ्यांची रसद तुटली. फौजेबरोबर यात्रेकरू आणि बायकामुले होती, तीही खाणारी तोंडे. लढाईच्या सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांचे मोठे नुकसान केले. पण दुपारी अब्दालीने हाताशी राखून ठेवलेली ताजी फौज पुढे घातली आणि पारडे फिरले. एखाद्याने या लढाईचा खेळ करताना दोन्हीकडे फक्त शिपायांची संख्या मांडली, तर तो खेळ खोटा ठरेल. भूक मांडली पाहिजे, थकवा मांडला पाहिजे, राखीव फौज मांडली पाहिजे. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक रंग फासून भागत नाही. मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखानाकडे होता, आणि समोर शुजाउद्दौल्याच्या फौजेत गोसावी लढत होते.

एवढे सगळे खरे मांडले तर एक बाजू बहुतेक वेळा हरणारच. मग ती बाजू घेऊन कोण खेळेल? पटावरच्या युद्धखेळांनी यावर चांगली तोड काढली. विजयाची व्याख्याच बदलली. दुबळ्या बाजूने लढाई जिंकायची नाही. इतिहासात झाले त्याहून बरे करून दाखवायचे. सूर्यास्तापर्यंत टिकला, फौजेचा मोठा भाग वाचवून नेला, तर तो जिंकला. गो या चिनी-जपानी खेळातही उशिरा खेळणाऱ्याला आधीच काही गुण देतात. जपानात साडेसहा, चीनमध्ये साडेसात. काही युद्धखेळांत तर खेळाडू बाजूची बोली लावतात. बलवान बाजू हवी असेल तर मी इतके गुण सोडतो, असे सांगायचे. आपल्याकडे दोन भावंडांत भाकरी वाटताना आई म्हणते, एकाने मोडायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची. न्यायाची हीच रीत.

काही खेळ मात्र दुसरी वाट धरतात. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ या खेळमालिकेत भाग्यवान राष्ट्रे अशी एक सोय आहे. इतिहासात जी राज्ये मोठी झाली, म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, ऑटोमन वगैरे, ती संगणकाच्या हातात असतील तर त्यांना वरून थोडी मदत मिळते, म्हणजे जग ओळखीचे राहते. ही सोय बंदही करता येते. पण ती चालू असताना खेळणाऱ्या मुलाला वाटू शकते, की हीच राष्ट्रे मोठी होणार हे जणू ठरलेलेच होते. आकडा छोटा असतो, पण तो इतिहासाविषयी एक मत सांगून जातो.

आता दुसऱ्या कोड्याकडे वळू. संगणक शत्रू म्हणून विचार कसा करतो? जुनी रीत ‘असे असेल तर तसे कर’ या सूचनांची. धान्य कमी असेल तर शेत पेर. तळावर हल्ला झाला तर सैन्य परत बोलाव. जरा पुढची रीत गुण देण्याची. पुढच्या क्षणी करण्याजोग्या प्रत्येक कामाला तो गुण देतो आणि सर्वांत जास्त गुणांचे काम करतो. बुद्धिबळात एका वेळी सरासरी तीस-पस्तीस खेळ्या शक्य असतात, त्यामुळे यंत्राला पुढचे डाव तपासता येतात. १९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारोवला हरवले ते याच बळावर. युद्धखेळात मात्र शंभर माणसे एकाच वेळी हलतात आणि शत्रूचा अर्धा मुलूख धुक्यात असतो. तिथे सगळे तपासणे अशक्य. म्हणून संगणक पुन्हा पुन्हा त्याच दरवाजावर धडका मारतो, आणि चार डावांत खेळणाऱ्याला त्याची खोड कळते.

मग कंपन्या सोपी युक्ती करतात. अक्कल वाढवता येत नाही, म्हणून त्याची शिदोरी वाढवतात. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या त्या दुसऱ्या भागात सर्वांत कठीण पातळीवर संगणकाला जादा साधनसामग्री मिळे. ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या भागात सर्वांत वरच्या पातळीवर माणूस एका वसाहतकारापासून सुरुवात करतो, संगणक तिघांपासून. हा शत्रू बलाढ्य असतो, शहाणा नसतो. ‘टोटल वॉर’ मालिकेतल्या ‘एम्पायर’ या २००९ सालच्या खेळात मराठ्यांचे राज्य घेऊन खेळता येते. पण सुरुवातीच्या आवृत्तीत संगणकाला समुद्रापलीकडे फौज उतरवणेच नीट जमत नसे. आरमारांच्या शतकावरचा खेळ आणि शत्रूला गलबतातून उतरता येईना! पुढे दुरुस्त्या आल्या.

यात माणसाच्या मनाचाही वाटा आहे. ‘सिव्हिलायझेशन’चे जनक सिड मायर यांनी २०१० साली एका व्याख्यानात आपला अनुभव सांगितला. खेळाडूच्या बाजूने तीनास एक असे बळ असताना तो कधीतरी हरला, की त्याला खेळ लबाड वाटतो. तोच एकास तीन असताना जिंकला, तर त्याची काही तक्रार नसते. म्हणून त्यांना गणितच खेळाडूच्या मनाप्रमाणे वाकवावे लागले. व्यापार म्हणून हे समजू शकते. मिडवेच्या पटावरचा पंचही याहून फार वेगळे वागला नव्हता.

अलीकडे यंत्रे शिकू लागली आहेत. ‘अल्फास्टार’ नावाच्या कार्यक्रमाने आधी माणसांचे डाव अभ्यासले, मग स्वतःच्याच प्रतिकृतींशी असंख्य डाव खेळून तो तरबेज झाला. ‘स्टारक्राफ्ट’च्या दुसऱ्या भागात, म्हणजे एका काल्पनिक युद्धखेळात, २०१९ साली तो ९९.८ टक्के मानांकित खेळाडूंच्या वर पोहोचला. पण त्याआधी त्याच्यावर आक्षेप आला होता, की यंत्राची बोटे माणसाहून भलत्या वेगाने चालतात आणि नजर एकाच वेळी सगळीकडे जाते. मग त्याची नजर आणि वेग माणसाच्या आवाक्यात बांधून घातले गेले. जिंकायचे तर अकलेने, अशी अट घातली. त्याच वर्षी ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती आली, तीत वरच्या पातळीवरही चोरून मदत न घेणारा संगणक-खेळाडू दिला गेला. ही प्रगती मला जादा सोन्यानाण्याहून मोलाची वाटते.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे, की मूल असा खेळ खेळत असेल तर ‘जिंकलास का?’ एवढ्यावर थांबू नका. समोरचा कसा हरला, ते विचारा. त्याची रसद तुटली होती का, तो मूर्खासारखा वागला का, की खेळानेच त्याला मूर्ख केले होते? इतिहासात आपल्यासमोर उभे ठाकलेले लोकही आपल्याइतकेच विचार करणारे, भुकेले, घाबरणारे आणि धाडसी होते. ज्या खेळात हे दिसते, त्यात हरलेला डावही काही शिकवून जातो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)