मोडीचा भाव

इन्व्हर्टरच्या बॅटरीचा मिस्तरी घरात आला की आधी टर्मिनल बघतो. तिथे पांढरट-हिरवट थर धरलेला असेल तर त्यावर गरम पाणी ओतायचं, ब्रशने घासायचं, कोरडं करून ग्रीस चोपडायचं. मग सहा बुचं काढून एकेका सेलमध्ये आम्लाची घनता मोजणारा काचेचा हायड्रोमीटर सोडायचा. वडीगोद्री गावात महामार्गालगतच्या एका घरात मी हे काम शेजारी बसून पाहिलं. पाच सेल बाराशे चाळीसच्या आसपास होते, सहाव्यात तरंगता काटा अकराशेच्याही खाली गेला. मिस्तरी एवढंच म्हणाला, "हा बसला."

सेल बसण्याचं कारण शिशात आहे. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं आणि चार्जिंगमध्ये ते विरतं. पण बॅटरी तशीच रिकामी पडून राहिली, किंवा व्होल्टेज कमी असल्यामुळे रोज अर्धवटच भरत गेली, तर ते कडक होऊन प्लेटांना कायमचं चिकटतं. शिवाय चार्जिंगमध्ये पाण्याचं वायूत रूपांतर होतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटरची बाटली कायम जवळ ठेवावी लागते. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हाळ्यात हे सगळं आणखी वेगाने घडतं.

शिशाच्या जागी येऊ शकणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीचा विचार इथूनच सुरू करायला हवा. तिची तुलना नेहमी लिथियमशी होते आणि त्यात ती मागे पडते. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मावते. मोटारीसाठी हा दोष मोठा आहे. पण जिन्याखालच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसून राहणाऱ्या बॅटरीच्या वजनाची चिंता कोण करतो? आजची शिशाची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते आणि ती आत न्यायला दोन माणसं लागतात. तिच्यापुढे सोडियमची हलकीच ठरेल.

तिचा खरा गुण निराळा आहे. लिथियमच्या सेलमध्ये एका बाजूला तांब्याचा पत्रा असतो आणि सेल पार उतरला तर ते तांबं विरघळू लागतं. सोडियमच्या सेलमध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं, त्यामुळे ती शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ठेवली तरी बिघडत नाही. रिकामी पडून बसण्याचा जो शाप शिशाला आहे, तो हिला नाही. पाणी घालणंही नाही.

आपल्याकडे यावर काम झालेलं आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये आपलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. त्यामागे पुण्याच्या आयसर संस्थेबरोबर केलेलं अनेक वर्षांचं संशोधन होतं. चीनमध्ये हुबेई प्रांतात 2024 साली 100 मेगावॉट-अवरचा सोडियम साठवण प्रकल्प वीजजाळ्याला जोडला गेला. या बॅटरीच्या ऋण बाजूला ग्रॅफाइटऐवजी 'हार्ड कार्बन' लागतो आणि प्रयोगशाळांमध्ये तो उसाच्या बगॅसपासूनही तयार केलेला आहे. वडीगोद्रीच्या शेजारी अंकुशनगरला साखर कारखाना आहे. पण तिथलं बगॅस बॉयलरला लागतं, त्यामुळे ते फुकट पडलेलं आहे असं समजू नये.

हे सारं मिस्तरीला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "साहेब, हिची मोड किती येईल?"

प्रश्न नेमका होता. गावातलं बॅटरीचं दुकान मोडीवर चालतं. जुन्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. ते वितळवून पुन्हा वापरता येतं, म्हणून नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा होतात. गिऱ्हाईक जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकत नाही, स्वतःहून दुकानात आणून देतं. लोह, मँगेनीज आणि कार्बनवर बेतलेल्या सोडियम बॅटरीत असं किमती काही फारसं नसतं. जी स्वस्ताई तिला बाजारात आणणार, तीच तिची मोड बुडवणार.

2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कागदावर ती सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहे. पण शिशाची बॅटरी परत जाते ती तिच्या मोलामुळे, नियमाची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. सोडियमच्या बॅटरीला गावात जागा हवी असेल, तर ती विकतानाच परत घेण्याची रक्कम बिलात लिहून द्यावी लागेल, आणि ती रक्कम दुकानदाराच्या हातात रोख पडावी लागेल. बाकीचं काम मिस्तरी शिकून घेईल.