एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं, पण दुकानात शिरणार कसं? बुकिंग करण्याआधी हे वाचा



व्हिडिओमध्ये आपण कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या धंद्याचं गणित पाहिलं. पण एक विषय घाईघाईत राहून गेला, आणि लोकांचे पैसे नेमके तिथेच बुडतात. मशीन टेम्पोतून आपल्या दुकानात न्यायचं कसं? ऐकायला किरकोळ वाटतं, पण तसं ते नाही.

समजा कुंडलमधल्या एका ताईंनी पाच लाखांचं कर्ज काढून चार हेडचं मशीन घेतलं. १२ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. हप्ता बसतो साधारण ११,१०० रुपये, म्हणजे दिवसाला ३७० रुपये. मशीन दारात अडकून पंधरा दिवस ताडपत्रीखाली राहिलं, तर साडेपाच हजार रुपये काहीच न कमावता गेले. आणि उतरवताना मशीन कलंडलं तर? हप्ता तर थांबत नाहीच, पण एखाद्याचा पायही जाऊ शकतो.

आपल्याच भागातलं उदाहरण

अवजड यंत्रं हलवून धंदा उभा करणं कुंडलच्या मातीला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली, ती कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर. साल होतं १९१०. तीच आजची किर्लोस्करवाडी. माळ ओसाड होता, पण रेल्वे शेजारी होती. लोखंडाचा धंदा करणाऱ्याला याचं मोल कळतं. आपल्यासाठी धडा साधा आहे : जागा बघताना माल आणि मशीन येणार कुठून, हे आधी बघायचं.

१. आधी टेप घ्या, मग ॲडव्हान्स द्या

विक्रेत्याकडून चार आकडे लेखी मागून घ्या : पॅकिंगसह लांबी, रुंदी, उंची आणि वजन. एक हेडचं छोटं मशीन चार माणसं उचलतात. चार हेडचं मशीन मात्र कित्येकशे किलोंचं असतं, आणि कंपनीप्रमाणे आकडा बदलतो. म्हणून "अंदाजे" हा शब्द चालवून घेऊ नका.

आता रस्त्यापासून मशीनच्या जागेपर्यंत मोजत चला. शटर पूर्ण वर गेल्यावर उंची किती राहते? आतला दरवाजा किती रुंद? बोळात वळण आहे का? सरळ दारातून जाणारं लांब मशीन वळणावर हमखास अडकतं. जमिनीवर खडूने मशीनच्या मापाचा चौकोन काढा. मागे दुरुस्तीसाठी निदान दोन फूट सोडा आणि समोर कारागिराला फिरायला जागा ठेवा.

२. वरचा मजला? थांबा जरा

"खाली दुकान, वर मशीन" हा विचार बरेच जण करतात. भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून आखतात, दुकानाचा ४०० किलो. समजा मशीन ९०० किलोचं आहे आणि ३ मीटर बाय १.२ मीटर जागा घेतं. म्हणजे चौरस मीटरला २५० किलो. घराच्या हिशोबात हे बसत नाही. शिवाय हा भार सगळीकडे सारखा पसरत नाही, तो पायांच्या चार-सहा ठिकाणी येतो. आणि मशीन मिनिटाला आठशे-हजार टाके मारत हादरत राहतं. त्यामुळे तळमजलाच बरा. वर न्यायचंच असेल तर इंजिनिअरला स्लॅब दाखवा. त्याची फी परवडते, स्लॅबची भेग परवडत नाही.

३. गाडी आणि उतरवणं

'छोटा हत्ती' साधारण पाऊण टनाचा. त्याच्यावर ९०० किलो लादू नका, पिकअप किंवा मोठा टेम्पो ठरवा. कोटेशनमध्ये लिहून घ्या : गाडीतून उतरवणं कोणाकडे, जागेवर बसवणं कोणाकडे, वाटेत नुकसान झालं तर कोणाचं? वाहतुकीचा विमा घ्या. मशीन सुरतेहून किंवा परराज्यातून येत असेल तर बिल आणि ई-वे बिल गाडीसोबत आहे ना, ते बघा.

उतरवायला हायड्रा क्रेन असेल तर वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि खाली गटारीवरची फरशी, दोन्ही तपासा. क्रेनच्या चाकाखाली ती फरशी फुटते. बाजाराचा दिवस आणि पावसाची वेळ टाळा.

४. ओट्यावरून आत

गावातल्या दुकानाला ओटा असतोच. दीड फुटाच्या ओट्याला निदान नऊ-दहा फुटांचा उतार करा. फळ्या जाड हव्यात आणि मधे खालून टेकू हवा. सपाट फरशीवर मशीन हँड पॅलेट ट्रकवर किंवा सारख्या जाडीच्या तीन-चार लोखंडी पाइपांवर सरकवा. काही नियम पक्के लक्षात ठेवा :

- पट्टा किंवा जॅक फक्त खालच्या लोखंडी चौकटीला. हेड, टेबल किंवा पुढे-मागे सरकणारी फ्रेम धरून मशीन कधीच उचलायचं नाही.
- कंपनीने लावलेल्या वाहतुकीच्या पट्ट्या मशीन जागेवर बसेपर्यंत काढू नका.
- दोऱ्याचा स्टँड आणि सुटणारा स्क्रीन आधीच वेगळा पॅक करा.
- उतारावर मशीनच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. वरून चेन ब्लॉकने ताण धरून ठेवा.
- हुकूम एकानेच द्यायचा. पाच जण ओरडले की बोटं चेंगरतात.

अवजड मशीन हलवणारे अनुभवी लोक औद्योगिक वसाहतीत मिळतात. दोन हजार वाचवायला शेजारची पोरं बोलावू नका.

५. जागेवर बसल्यावर

पाणसळ लावून मशीन दोन्ही दिशांनी सम करा, पायाचे बोल्ट जमिनीला टेकवून चेकनट घट्ट करा. एक पाय अधांतरी असेल तर हादरा वाढतो, दोरा तुटतो, सुई मोडते, आणि आपण उगाच डिझाइनला दोष देतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, स्टॅबिलायझर बसवा. महावितरणचं व्यावसायिक कनेक्शन मशीन येण्याआधीच घेऊन ठेवा. पहिल्या दिवशी कमी वेगात चालवून बघा, आवाज नीट आला की हळूहळू वेग वाढवा. विक्रेत्याच्या माणसासमोर नमुना काढल्याशिवाय शेवटचं पेमेंट करू नका.

शेवटी एवढंच

शाळेचे गणवेश, मंडळांचे टी-शर्ट, साखर कारखान्याचे कपडे, लग्नसराईतले ब्लाउज... कुंडल-पलूस-विटा पट्ट्यात काम मिळवता येतं. पण मशीन चालू असेल तरच. म्हणून तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये "वाहतूक, उतरवणं आणि बसवणं" ही ओळ आजच घाला आणि कर्ज मागतानाच ती रक्कम धरा.

आणि हो, टेप घेऊन दुकानात जा. उद्या नको, आजच.