परसबागेतली जिवंत माती

कोपरगावच्या गोदाकाठची काळी माती ओल चांगली धरते. पण बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी जास्त असते. त्यामुळे सामू (pH) ८ च्या वर गेला की लोह, जस्त मातीत असूनही मुळांना मिळेनासं होतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

ही कोंडी काही अंशी फोडतात मातीतले जीव. शेणखत, पालापाचोळा कुजवताना जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात, त्यानं अडकलेली अन्नद्रव्यं सुटतात. मायकोरायझा बुरशीचे धागे मुळं पोहोचत नाहीत तिथून स्फुरद आणि जस्त आणून वांगी, मिरची, टोमॅटोला देतात. कोबी, मुळा, पालक मात्र या बुरशीशी जवळपास संबंध ठेवत नाहीत. त्यांची भिस्त कुजलेल्या खतावरच.

हे जीव मातीत आहेत का, याची परीक्षा सोपी आहे. मेथीचं रोप मुळासकट उपटा, मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली, तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतोय.

हे जीव टिकवायचे तर उसाचं पाचट जाळू नका, वाफ्यावर पसरा. पाणी बेतानं द्या. साचलं तर मातीतली हवा जाते आणि मुळांसोबत हे जीवही गुदमरतात.